दारावरचा माणूस काय बघतो?

पत्रलेखक ३१ वर्षांचे आहेत, नोकरी करतात आणि कोथरूडला आई-वडिलांबरोबर राहतात. गेली काही वर्षं ते पॅन्टऐवजी घोट्यापर्यंतचे, गुंडाळून बांधायचे हातमागाचे स्कर्ट वापरतात. ऑफिसात, भाजीला जाताना, लग्नकार्यातसुद्धा. ऑक्टोबरात तिघं मिळून पुण्याच्या एका बारा दिवसांच्या टूरबरोबर इटली आणि ग्रीसला निघाले आहेत. वडील म्हणतात, "इथे काय घालायचं ते घाल, पण दुसऱ्यांच्या देवाच्या दारात तरी धड कपडे घाल." मिलानला राहणारी आत्तेबहीण म्हणते, चर्चच्या गेटवरून परत पाठवतील. पत्रलेखकांना कुणाचा अवमान करायचा नाही. पण चर्चसाठी पॅन्ट चढवली तर इतकी वर्षं आपलंच चुकत होतं असं कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. काय करावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या आत्तेबहिणीची भीती आधी घेऊ, कारण ती तपासून बघता येते. व्हॅटिकन म्युझियम्स, सिस्टीन चॅपल आणि सेंट पीटर्स बॅसिलिका यांचा नियम लिहिलेला आहे: बिनबाह्यांचे किंवा खोल गळ्याचे कपडे, गुडघ्याच्या वर जाणाऱ्या शॉर्ट्स, मिनीस्कर्ट आणि टोप्या चालणार नाहीत. मिलानचा दुओमो (म्हणजे शहराचं मुख्य चर्च), फ्लॉरेन्सचा दुओमो, व्हेनिसचं सेंट मार्क्स या सगळ्यांचं मागणं थोड्याफार फरकाने हेच आहे. खांदे झाकलेले हवेत, गुडघे झाकलेले हवेत. पुरुषाने पॅन्टच घातली पाहिजे असं यांतल्या एकाही ठिकाणी म्हटलेलं नाही. तुमचा स्कर्ट घोट्यापर्यंत येतो, म्हणजे इटलीत तरी तुम्ही नियमाच्या आतच आहात. गेटवर रोज परत फिरतात ते गुडघ्याच्या वर हाफपॅन्ट घालून उन्हातून आलेले पर्यटक, आणि त्यांच्या कपड्यांना जगात कुणी वेगळं म्हणत नाही.

आता तुमच्या बाबांचा "धड" हा शब्द. त्यांना अभिप्रेत आहे ते म्हणजे सगळे घालतात तसे. आपण ज्या प्रार्थनास्थळी वाढलो तिथला रिवाज सगळीकडचा असतो, असं आपण नकळत धरून चालतो. तुमचे बाबा केरळातल्या गुरुवायूरच्या देवळात गेले तर त्यांना पॅन्ट उतरवून मुंडू नेसावं लागेल आणि शर्टही काढावा लागेल. तिथे धड कपड्यांत तुम्ही असाल, ते नसतील. गणपतीच्या पूजेला आपल्या घरी सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन बसणं हा आदर आहे. रोमच्या चर्चमध्ये उघडा खांदा हा अनादर आहे. दोन्ही जागी माणसं देवाला मानतात, आणि कसं मानायचं ते त्या त्या जागेने ठरवलेलं असतं. तेव्हा "हे वेगळं आहे का?" या प्रश्नाला फारसं महत्त्व नाही. "ही जागा काय मागते?" हे विचारायचं. बाबांशी बोलताना हे असंच मांडून बघा. त्यांची काळजी चुकीची नाही, फक्त ती ज्या नियमाला धरून आहे तो नियम तिथे नाही.

घोट्यापर्यंतचं वस्त्र पुरुषाने घालणं ख्रिस्ती देवळाला अनोळखी नाही, हेही त्यांना सांगा. वेदीपाशी उभे असलेले फादर स्वतः पायघोळ झग्यात असतात. फ्रान्सिस्कन साधूंचा तपकिरी झगा आणि कमरेची दोरी रोमच्या रस्त्यावर सहज दिसते. यातून एक धोकाही निघतो, आणि सहसा तो कुणाच्या लक्षात येत नाही. सरसकट काळा किंवा पांढरा पायघोळ स्कर्ट आणि वर बंद गळ्याचा त्याच रंगाचा सदरा असा मेळ घालू नका. लांबून तुम्ही धर्मगुरू वाटाल. जवळ आल्यावर लोकांना वाटेल की तुम्ही त्यांची नक्कल करताय. तपकिरी कापडावर दोरीचा पट्टाही नको. निळीचा रंग, चौकडा, इकत, काठाचा स्कर्ट असं काहीही घ्या, म्हणजे हा तुमचा रोजचा पोशाख आहे हे कापडावरूनच कळेल. कापडावर ओम, गणपती, कवट्या, घोषणा नकोत आणि क्रूसही नको. जपमाळ गळ्यात दागिन्यासारखी घालू नका. कॅथलिक मंडळींच्या दृष्टीने ती प्रार्थनेची वस्तू आहे.

ग्रीसची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझं उत्तरही वेगळं आहे. तुमच्या टूरमध्ये मेटेओरा असण्याची दाट शक्यता आहे. कालाम्बाका गावाच्या वर, उभ्या सुळक्यांवर बांधलेले ते मठ. आज तिथे सहा मठ नांदते आहेत. हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे मठ, आणि इथला नियम स्त्री-पुरुषांना वेगवेगळा लागू होतो: पुरुषांनी लांब पॅन्ट, स्त्रियांनी गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, खांदे दोघांचेही झाकलेले. पॅन्ट घालून आलेल्या बायकांसाठी दारात गुंडाळायची वस्त्रं ठेवलेली असतात. सलवार-कमीज घातलेल्या बाईलाही ते वरून गुंडाळायला सांगू शकतात. यामागे बऱ्याचदा बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं वचन (२२:५) सांगितलं जातं. बाईने पुरुषाचं आणि पुरुषाने बाईचं वस्त्र घालू नये, असा त्याचा आशय. ते वचन कसं वाचावं यावर ख्रिस्ती लोकांमध्येच मतभेद आहेत. पण मठाच्या दारात उभं राहून तो वाद सोडवणं हे पाहुण्याचं काम नाही. तो मठ म्हणजे तिथल्या साधूंचं किंवा साध्वींचं राहतं घर आहे. तिथे नियम पुरुषांना पॅन्ट सांगतो. तेव्हा मेटेओराच्या दिवशी पॅन्ट घाला. सैलसर पायजमाही चालायला हरकत नाही, फक्त दोन पाय वेगळे दिसले पाहिजेत. फार घेरदार पलाझो तिथे स्कर्टच वाटेल.

म्हणजे पॅन्ट न्यायची, पण एका जागेपुरती. "मग मी हरलो का?" हा तुमचा पुढचा प्रश्न मी गृहीत धरतो. तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट मला पटली नाही. बाबांसाठी वेगळं म्हणजे अनादर, आणि तुमच्यासाठी बदलणं म्हणजे माघार. दोघंही कपड्यावर जरा जास्तच ओझं टाकताय. इथे मशिदीत गेलात तर डोकं झाकाल, गुरुद्वारात रुमाल बांधाल, आणि घरी आल्यावर तुम्ही कोण हे काही बदललेलं नसेल. तुम्ही रोज स्कर्ट घालता ते तुमचं आयुष्य आहे. मेटेओरात दोन तास पॅन्ट घातल्याने त्यातलं काही कमी होत नाही. याच्या उलट, इटलीत नियम काही मागत नसताना केवळ लोक बघतील म्हणून सगळे दिवस पॅन्टमध्ये काढलेत तर ते मात्र तुम्हाला टोचत राहील, आणि तसं करायची काही गरजही नाही.

आता कापडाकडे येऊ. नियमात बसणारा स्कर्टसुद्धा चुकीचा शिवलेला असेल तर दारात फजिती होते.

पहिली अडचण उजेडाची. चर्चचं दार म्हणजे बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख. तपासणारा माणूस आत उभा असतो, तुम्ही उजेडाकडे पाठ करून त्याच्यासमोर येता. मलमल, वॉइल किंवा विरळ विणीच्या हातमागाच्या कापडातून अशा वेळी पायांचा सगळा आकार दिसतो. घरातल्या आरशात हे कधीच कळत नाही. सकाळी गॅलरीच्या दारात उजेडाकडे पाठ करून उभे राहा आणि आईला घरातून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मांड्यांची रेघ दिसली तर अस्तर लावून घ्या, कॅम्ब्रिक किंवा पॉपलीनचं, कमरेपासून गुडघ्याखाली किमान वीतभर. नुसतं गुडघ्यापर्यंत लावलेलं अस्तर पायऱ्या चढताना वर सरकतं.

दुसरी अडचण वाऱ्याची. मोठ्या चर्चसमोरचे चौक मोकळे असतात, रांग तासन्‌तास उघड्यावर असते. गुंडाळायच्या स्कर्टचा वरचा पदर आतल्या पदरावर पोटाशी किमान १४-१५ इंच यायला हवा. ६-८ इंचांवर तो चालताना उघडतोच. कमरेच्या नाडीशिवाय मांडीच्या मध्यावर आतून दोन टिचबटणं लावा. वेल्क्रो नको, शांत चर्चमध्ये तो उघडताना फाडल्यासारखा आवाज करतो. आणि खालच्या काठाला साडीला लावतात तसा फॉल लावून घ्या. कापडाला वजन येतं, वाऱ्याने उडत नाही, पायांत अडकत नाही. लक्ष्मी रोडवरचा कुठलाही फॉल-पिको करणारा हे करून देईल. टिचबटणं आणि पिना तुळशीबागेत मिळतात. आत सायकलिंग शॉर्ट्स असू द्या. सुरक्षातपासणीत हात वर करायला सांगतात, तेव्हा निश्चिंत राहाल.

तपासणीचंच आणखी थोडं. धातूची मोठी बक्कल, नाण्यांचा पट्टा, घुंगरू हे सगळं यंत्रात वाजतं आणि मग तुम्हाला बाजूला घेऊन हातातल्या यंत्राने तपासतात. स्कर्टला खिसा नसेल तर पासपोर्ट आणि पैसे सदऱ्याच्या आत कापडी पट्ट्यात ठेवा.

लांबी उभं असताना जमिनीपासून अडीच-तीन इंच वर असावी. सेंट पीटर्सच्या घुमटाला पायथ्यापासून ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३, आणि तिथे लिफ्ट नाही. शेवटचे जिने अरुंद आहेत. तिथे पुढचा काठ तुम्ही हाताने उचलाल, पण मागच्या काठावर मागून येणाऱ्याचा पाय पडतो, नाडी सुटते आणि त्या चिंचोळ्या जागेत नीट बांधताही येत नाही. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणीला आतून, कमरेखाली साधारण दहा इंचांवर एकेक फीत शिवून घ्या आणि तिला काज करा. नेफ्याला त्याच रेषेत बटण. जिना आला की फीत वर घेऊन बटणात अडकवायची. काठ चार-पाच इंच वर येतो आणि गुडघा तरीही झाकलेला राहतो. काष्ट्यासारखं मागे खोचू नका. पोटऱ्या आणि गुडघ्यामागचा भाग उघडा पडतो, आणि खाली उतरल्यावर ते सोडायचं लक्षात राहत नाही.

वरती बाह्यांचा सदरा किंवा मांडीच्या मध्यापर्यंतचा कुर्ता उत्तम. ऑक्टोबरात रोममध्ये दुपारी साधारण २२-२३ अंश असतात, पण दगडी चर्चच्या आत गारवा जाणवतो आणि सकाळच्या रांगेतही. पिशवीत एक सुती उपरणं ठेवा. तिघांपैकी कुणालाही, कुठेही उपयोगी पडतं.

पायांचं सांगतो, कारण हे तुमच्या आई-बाबांनाही लागू आहे. आपल्याला देवळाच्या दारात चप्पल काढायची सवय असते. युरोपातल्या चर्चमध्ये चप्पल-बूट काढायचे नसतात, अनवाणी जाणंच तिथे विचित्र दिसतं. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चच्या नियमांत तर अनवाणी येऊ नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे. (इथिओपियात मात्र उलट आहे, तिथे चर्चबाहेर जोडे काढतात.) कोल्हापुरी घालणार असाल तर आधी चांभाराकडून खाली रबरी तळ लावून घ्या. शेकडो वर्षं पावलांनी घासलेला संगमरवर चामड्याच्या तळाला काचेसारखा निसरडा लागतो, आणि प्रत्येक पावलाचा आवाज घुमतो. पैंजणांचंही तेच.

आता ज्यांच्या कपड्यांची घरात कुणालाच काळजी वाटत नाहीये ते दोघं. तुमच्या पत्रात सगळी चर्चा तुमच्या स्कर्टची आहे. खरं सांगायचं तर दारावरच्या माणसाचं लक्ष आधी बाबांच्या टोपीकडे जाईल. टूरवर उन्हाची टोपी दिवसभर डोक्यावर असते आणि आत जाताना काढायचं भान राहत नाही. पुरुषाने चर्चमध्ये डोकं उघडं ठेवायचं, ही प्रथा थेट बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायापर्यंत मागे जाते. धर्माचा भाग असलेलं पागोटं वेगळं. शीख बांधवांना पगडी काढायला सांगत नाहीत. बाबांनी प्रवासासाठी थ्री-फोर्थ घेतली असेल तर ती बसल्यावर गुडघ्याच्या वर जाते का हेही बघून घ्या.

आईंचं त्याहून बारकाईने बघायला हवं. साडी पायांपर्यंत झाकते, म्हणून ती आपोआप चालेल असं आपण समजतो. पण साग्रादा फामिलियाच्या नियमांत उघडं पोट आणि उघडी पाठ यांना स्पष्ट मनाई आहे, आणि इटलीतही खोल पाठीच्या ब्लाउजवरून कुणी बोललं तर आश्चर्य नको. तेव्हा ब्लाउज कोपरापर्यंत बाह्यांचा, मागून बंद गळ्याचा आणि कमरेकडे दोन-अडीच इंच जास्त लांब शिवून घ्या. पदर मोकळा न सोडता पाठीमागून उजव्या बाजूने पुढे आणून कमरेला खोचला की पोट झाकतं आणि हातही मोकळे राहतात. नऊवारी नेसणाऱ्या वाचकांनी काष्ट्यामागे पोटऱ्या कुठवर उघड्या राहतात ते आरशात पाठमोरं बघावं. गुडघ्याच्या खाली असेल तर इटलीत अडचण नाही. मेटेओरात मात्र सहावारीच बरी. डोक्यावर पदर घेण्याची सक्ती कॅथलिक चर्चमध्ये आता नाही. १९१७च्या धर्मसंहितेत बायकांनी डोकं झाकावं असं कलम होतं, १९८३च्या संहितेत ते राहिलं नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र रुमाल बांधतात.

आणि मेणबत्त्या. नवसाच्या मेणबत्त्यांचे स्टॅन्ड बऱ्याच चर्चमध्ये कमरेच्या उंचीचे असतात. पदर, उपरणं, घेरदार बाही त्यांच्यावरून सहज जाते, आणि सिंथेटिक साडी पेटायला क्षण पुरतो. मेणबत्ती लावायची असेल तर पदर आधी खोचा, मग हात पुढे करा. कॅमेऱ्यात बघत मागे सरकताना तर फारच जपा.

कपडे नियमात बसले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तिथे वावरण्याचं आहे, आणि तुमच्यासारखा पोशाख असणाऱ्याने ते इतरांपेक्षा थोडं जास्त सांभाळावं असं मला वाटतं. अन्यायाचं वाटेल, पण कारण आहे. तुमच्याकडे नजरा जाणारच. एरवी त्याने काही बिघडत नाही. मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) चालू असताना मात्र प्रार्थनेला बसलेल्या माणसांचं लक्ष तुमच्यामुळे हलू नये, एवढं बघायचं. म्हणून मिस्सा चालू असेल तर फिरू नका. बरीच चर्च त्या वेळी पर्यटकांना आत घेतच नाहीत. प्रार्थनेला बसायचं असेल तर सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी जा, मागच्या बाकांपैकी एखाद्यावर कडेला बसा. बाकाच्या पुढे गुडघे टेकायची एक फळी असते, ती शेजारचा माणूस अचानक खाली पाडतो आणि खाली तुमच्या स्कर्टचा काठ असेल तर तो चिमटतो. मग उभं राहताना कापड टरकतं. बसताना घेर दोन्ही हातांनी गोळा करून मांड्यांखाली घ्या. सगळे उठतात तेव्हा उठा, बसतात तेव्हा बसा; गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागते तेव्हा जागेवरच थांबा. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाने तो घ्यायचा नसतो, आणि "प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं" या आपल्याकडच्या भावनेने बरीच मंडळी रांगेत उभी राहतात.

फोटोंबद्दल माझं मत कडक आहे. वेदीला पाठ करून स्कर्टचा घेर फिरवत काढलेला व्हिडिओ चौकात छान दिसेल, आत नको. सिस्टीन चॅपलमध्ये तर फोटोच काढता येत नाहीत. रोममधल्या पॅन्थिऑनमध्येही सांभाळा. लोक ते जुनं रोमन स्मारक म्हणून बघायला जातात, पण इ. स. ६०९पासून ते चर्च आहे.

एवढं करूनही कुणी अडवलं तर? नियम लिहिलेला असला तरी दारावरचा माणूस तो स्वतःच्या नजरेने लावतो, आणि रांग लांब असली की त्याला विचार करायला वेळ नसतो. हुज्जत घालू नका, नियमाचा स्क्रीनशॉट त्याच्या तोंडासमोर धरू नका. शांतपणे विचारा, "कोसा देवो कोप्रीरे?" म्हणजे काय झाकू? या प्रश्नाने त्याला नियमापाशी यावं लागतं. खांदा म्हणाला तर उपरणं घ्या. झाकायचं काही उरलंच नसेल तर बहुतेक वेळा तो पुढे जाऊ देतो. तरीही नाही म्हणाला तर बाजूला होऊन पॅन्ट चढवा आणि आत जा. गुंडाळायच्या स्कर्टचा एक मोठा फायदा इथे कळतो: पॅन्ट खालून चढवून मग स्कर्ट सोडता येतो, आडोसा शोधावा लागत नाही. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं. तिथे दहा मिनिटांचा वाद म्हणजे तुमची आणि बरोबर आई-बाबांचीही वेळ हुकणं. अशा ठिकाणी तत्त्व आणि तिकीट यांत मी तिकीट निवडेन, आणि नंतर त्या चर्चला सविस्तर मेल लिहीन.

मेल आधीच लिहिलात तर आणखी चांगलं. प्रमुख चर्चच्या अधिकृत संकेतस्थळांवर संपर्काचा पत्ता असतो. दोन ओळी पुरतात: मी पुरुष आहे, घोट्यापर्यंतचं पारंपरिक हातमागाचं वस्त्र नेसतो, खांदे झाकलेले असतात, अमुक तारखेला येतोय, काही हरकत आहे का? होकार आला तर तो मोबाइलमध्ये ठेवा आणि बाबांनाही वाचायला द्या. त्यांच्यासाठी तो माझ्या उत्तरापेक्षा जास्त मोलाचा ठरेल.

याच प्रश्नाने अडलेल्या आणखी काही वाचकांसाठी: अंगभर टॅटू असतील तर व्हॅटिकनचा नियम धर्मभावनेला धक्का देणाऱ्या टॅटूंचाही उल्लेख करतो, तेव्हा लांब बाह्या घ्या. ज्या ट्रान्स वाचकांना मेटेओरासारख्या जागी जायचं आहे, त्यांनी लक्षात ठेवावं की तिथे दारावरचा माणूस ओळखपत्र न बघता रूपावरून ठरवतो. सरळ पायांची पॅन्ट आणि पिशवीत गुंडाळायचं लांब वस्त्र असं दोन्ही जवळ असलं की कुठल्याही बाजूने वाद होत नाही.

एक गोष्ट पत्रात नाही, पण ओळींमधून जाणवते. बाबांना खरी धास्ती रोमच्या दरवानाची नसावी. बारा दिवस एकाच बसमध्ये बसणाऱ्या पुण्याच्या मंडळींची असावी. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाआधी "मुलाने हे काय घातलंय?" हा प्रश्न येईल आणि उत्तर आपल्याला द्यावं लागेल, असं त्यांना वाटत असेल. हे त्यांना सरळ विचारा. तसं असेल तर उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्यावरून काढून घ्या. टूरच्या निघण्याआधीच्या बैठकीला तुम्ही स्कर्ट घालूनच जा, ओळख करून द्या, कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. विमानतळावर भेटेपर्यंत लोकांचं बघून झालेलं असेल. चर्चचा थोडा सराव हवा असेल तर गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात किंवा कॅम्पातल्या एखाद्या चर्चमध्ये आधी विचारून रविवारी जाऊन या, आणि शक्य असेल तर बाबांना बरोबर न्या. बाकावर कसं बसायचं, कधी उठायचं, कापड कुठे अडकतं हे तिथेच कळेल, आणि बाबांनाही लोक तुमच्याकडे किती वेळ बघतात ते स्वतः बघता येईल.

टूर मॅनेजरला दोन गोष्टी आजच विचारून घ्या: मेटेओराला कोणत्या दिवशी जायचं आहे, आणि त्या दिवशी कोणते मठ उघडे आहेत, कारण सगळ्या मठांचा आठवड्याचा सुट्टीचा वार एकच नसतो. त्या दिवसाची पॅन्ट मोठ्या बॅगेत ठेवू नका. बॅगा बसच्या पोटात जातात आणि मठाच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर त्या काढून देत नाही. ती खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, उपरण्याच्या घडीत.